येरेवानचं पाराजानोव्ह म्युझियम: सिनेमा नंतर बघा, आधी इथे जा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं पुराण वाचायचं नाहीये त्यांची सुटका. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, एकच म्युझियम बघण्याएवढा वेळ असेल तर हे बघा. मातेनादारानमधल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या सुंदर आहेत, कॅस्केडच्या पायऱ्यांवर फोटो मस्त येतात, रिपब्लिक स्क्वेअरचं हिस्टरी म्युझियम पण बघण्यासारखं आहे, सगळं मान्य. पण सर्गेई पाराजानोव्हचं घर हे प्रकरणच वेगळं आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आता हा पाराजानोव्ह कोण, तर सिनेमा दिग्दर्शक. आर्मेनियन माणूस, जन्म ९ जानेवारी १९२४, तोही आर्मेनियात नाही तर जॉर्जियात, त्बिलिसीला. करिअर घडलं युक्रेनमध्ये, कीव्हच्या स्टुडिओत. मेला येरेवानमध्ये, २० जुलै १९९० ला. त्यामुळे आज तिन्ही देश त्याला आपला म्हणतात, आणि गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे. फिल्म सोसायटीवाल्या लोकांनी नाव ऐकलेलं असतं, 'द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स' वाला म्हणून. बाकीच्यांनी ऐकलेलं नसतं आणि त्यात काही बिघडत नाही. माझा भाचा येरेवानला एमबीबीएस करतोय (आपली बरीच मुलं आहेत तिथे), त्याला विचारलं तर म्हणाला मावशी, ते हॉटेलच्या पुढचं जुनं घर ना, आम्ही रोज तिकडून जातो, आत कधी गेलो नाही. त्याला ओढतच नेला.

घर आहे झोराग्यूघ म्हणून जुन्या वस्तीच्या भागात, ह्राझदान नदीच्या दरीच्या काठावर. दोन मजली, दगडी, पुढे लाकडी सज्जे, जुन्या कॉकेशियन घरांसारखं. बघून वाटतं की शे-दीडशे वर्षांचं असेल, पण बांधलंय १९८८ नंतर. १९८८ च्या सुरुवातीला येरेवानला त्याच्या कोलाज आणि चित्रांचं प्रदर्शन झालं, लोकांना इतकं आवडलं की सरकारने ठरवलं याला इथेच घर आणि म्युझियम बांधून द्यायचं. त्याच डिसेंबरात स्पिताकचा भयंकर भूकंप झाला, अख्खा देश हादरला, मग बांधकाम रखडणारच. शेवटी जून १९९१ मध्ये दारं उघडली तेव्हा तो जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधलं तो त्यात एक दिवसही राहिला नाही. पहिले संचालक झावेन सार्ग्स्यान हे स्वतः फोटोग्राफर आणि त्याचे मित्र, त्यांनी वस्तू जमवून जमवून हे उभं केलं, अगदी २०२० मध्ये जाईपर्यंत.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोक्यात येते ती म्हणजे हे दिग्दर्शकाचं म्युझियम वाटतच नाही. कॅमेरे, रिळं, बक्षिसांची कपाटं असलं काही बघायच्या तयारीने गेलात तर गोंधळ होईल. इथे भिंतभर कोलाज आहेत. तुटक्या चिनीमातीचे तुकडे, लेस, बटणं, मणी, शंख, पिसं, जुने फोटो, बाहुल्यांचे हातपाय, घड्याळाचे भाग. बोहारणीच्या गाठोड्यातून निघावा असा सगळा ऐवज, आणि त्यातून त्याने जे काही रचलंय ते बघून थक्क व्हायला होतं. सुमारे चौदाशे वस्तू आहेत म्हणतात, त्यातल्या सहाशेच्या आसपास त्याने स्वतः केलेल्या. शिवाय त्बिलिसीच्या घरातलं सामान आणून त्याच्या खोल्या मांडल्यात.

हा भंगारातून सोनं काढायचा नाद आला कुठून तर घरातूनच. वडील जुन्या वस्तूंचे व्यापारी. सोव्हिएत राज्यात हा धंदा म्हणजे डोक्यावर कायम टांगती तलवार, कधी पोलिस धाड घालतील नेम नाही. धाड पडली की आई पोराला हिरे गिळायला लावायची असं तो सांगायचा! खरं किती नि रचलेलं किती देव जाणे, कारण माणूस पक्का गोष्टीवेल्हाळ होता, स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टी दर वेळी नव्या मसाल्यासकट सांगायचा. आधी त्बिलिसीला गाणं शिकला कॉन्झर्वेटरीत, मग मॉस्कोच्या फिल्म स्कूलमध्ये, तिथे इगोर सावचेंको हे गुरू. पडद्यावरचा नट तो नव्हता, पण त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात की सेटवर प्रत्येकाची भूमिका आधी हा स्वतः करून दाखवायचा, बाईची असो की म्हाताऱ्याची. घरी पाहुणे आले की तिथेही नाटकच.

कीव्हला पहिली दहा वर्षं त्याने सरकारी छापाचे सिनेमे केले आणि पुढे स्वतःच त्यांना कचरा म्हणून मोकळा झाला. मग तार्कोव्स्की या रशियन दिग्दर्शकाचा पहिला मोठा सिनेमा बघितला आणि डोक्यात काहीतरी फिरलं. १९६५ मध्ये 'शॅडोज ऑफ फरगॉटन अ‍ॅन्सेस्टर्स' आला. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची प्रेमकथा, कॅमेरा झाडांमधून अक्षरशः पळतो त्यात, कॅमेरामन युरी इल्येंको. परदेशात बक्षिसं मिळाली, आणि घरी लगेच डोळ्यात खुपायला लागला, कारण तो युक्रेनियन भाषेतला सिनेमा रशियनमध्ये डब करायला त्याने नकार दिला. शिवाय कीव्हच्या प्रीमियरलाच युक्रेनियन लेखक-कलावंतांच्या धरपकडीचा जाहीर निषेध झाला थिएटरमध्ये. त्याचा पुढचा कीव्हवरचा सिनेमा स्क्रीन टेस्टनंतर बंदच पाडला, थोडं फुटेज तेवढं उरलंय. मग हा आला येरेवानला.

इथे त्याने सायात नोवावर सिनेमा केला. सायात नोवा म्हणजे अठराव्या शतकातला कवी-गायक, आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझेरी अशा तीन भाषांत रचना करणारा, दरबारात होता, पुढे पुजारी झाला. तीन संस्कृतींचा कवी आणि तीन देशांचा दिग्दर्शक, चांगलीच जोडी जमली. पण सिनेमा चरित्रपट म्हणून बघायला बसलात तर दहा मिनिटांत उठाल. संवाद जवळजवळ नाहीत, कॅमेरा हलत नाही, माणसं समोर बघत उभी, हातात काहीतरी धरलेलं, मागे कापड, बाजूला मेंढी. पांढऱ्या कापडावर डाळिंबं आणि त्यांचा पसरत जाणारा लाल डाग. मठाच्या छतावर पुस्तकं वाळत घातलीयत आणि वाऱ्याने सगळ्यांची पानं फडफडतायत. सोफिको चियाउरेली या जॉर्जियन नटीने यात तरुण कवी पण केलाय आणि त्याची प्रेयसी पण, आणखीही भूमिका. सेन्सॉरवाल्यांना हे काहीच कळलं नाही, म्हणाले हा काय सायात नोवा नाही, नाव बदला. म्हणून 'डाळिंबांचा रंग'. आणि वर सर्गेई युत्केविच या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून पुन्हा कापून सोव्हिएत युनियनभर दाखवला.

आता माझा मुख्य मुद्दा. मी हा सिनेमा कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये बघितला होता आणि खरं सांगायचं तर सगळे माना डोलवत होते म्हणून मी पण डोलावली. इथल्या कोलाजसमोर उभं राहिल्यावर ट्यूब पेटली की अरे हा माणूस सिनेमाच्या फ्रेमपण अश्शाच बनवत होता! एक वस्तू इथे, एक तिथे, मधे मोकळी जागा, आणि अर्थ तुम्ही जोडायचा, गोष्ट पुढे सरकत नाही कारण कोलाजमध्ये गोष्ट पुढे सरकायची नसतेच, नजर फिरायची असते. कोलाजसमोर तुम्हाला हवा तेवढा वेळ उभं राहता येतं, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, आणि ती सवय लागली की सिनेमातली न हलणारी चित्रं कंटाळवाणी वाटेनाशी होतात. म्हणून सगळे सांगतात की आधी सिनेमे बघून मग म्युझियमला जा, माझं मत बरोब्बर उलटं आहे. भाच्याने एकही सिनेमा बघितलेला नव्हता, त्याचं माझ्यापेक्षा कमी अडलं. तो एकेका कोलाजसमोर हे कशाचं बनवलंय ते ओळखत बसला आणि तोच खरा रस्ता आहे.

आणि हे सगळं केलं कधी? सिनेमा करू देत नव्हते तेव्हा. १९६८ नंतर जवळजवळ पंधरा वर्षं या माणसाला पूर्ण लांबीचा एकही सिनेमा करू दिला नाही. डिसेंबर १९७३ मध्ये कीव्हला अटक, समलैंगिकतेचा कायदा आणि आणखी काय काय कलमं लावून पाच वर्षांची सजा, युक्रेनमधल्या कडक छावण्यांमध्ये, खुनी-दरोडेखोरांबरोबर. तार्कोव्स्की, फेलिनी, गोदार, त्रुफो अशी जगातली मोठमोठी मंडळी त्याच्या बाजूने उभी राहिली. शेवटी फ्रेंच कवी लुई आरागाँने थेट सोव्हिएत सत्ताधीश ब्रेझनेव्हकडे शब्द टाकला, त्याच्या मागे लागलेली होती लिल्या ब्रिक, आरागाँच्या बायकोची बहीण, आणि तेव्हा १९७७ च्या अगदी शेवटी, सजेच्या एक वर्ष आधी सुटका झाली.

या तुरुंगातल्या वस्तू बघायलाच हव्यात, म्युझियममधला सगळ्यात भारी भाग माझ्या मते हाच. पोत्याच्या कापडाच्या बाहुल्या. मिळेल त्या कागदावर पेनने काढलेले कैदी. आणि दुधाच्या बाटल्यांची पातळ अ‍ॅल्युमिनियमची झाकणं असायची ना, त्यावर नखाने आणि खिळ्याने दाबून दाबून काढलेली नाणी. पुश्किन, गोगोल वगैरेंचे चेहरे, जुन्या राजमुद्रेसारखे. हातात धरली तर चुरगळतील इतकी नाजूक. त्यातलंच एक इटलीत पोचलं आणि पुढे त्यावरून चांदीचं पदक ओतून रिमिनीच्या फिल्म फेस्टिवलला बक्षीस म्हणून दिलं गेलं असं सांगतात.

मोनालिसाच्या कोलाजची एक सीरिज आहे, तिचीही गोष्ट छावणीतलीच. एका कैद्याच्या अंगावर मोनालिसा गोंदलेली, तो हात वर करायचा तशी ती हसायची, खाली आणला की रडवेली. पाराजानोव्हने तीच मोनालिसा कापून, तुकडे सरकवून, उलटीपालटी करून तिचे नाना अवतार केलेत. फोटोत बघितलं तर विनोदी वाटतात. समोर उभं राहिल्यावर हसू येतं आणि मग जरा थांबतं.

सुटला तरी सुख नव्हतंच. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्बिलिसीला परत अटक, यावेळी आरोप काय तर भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी लाच देऊ केली! हे ऐकल्यावर माझ्या भाच्याने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका. त्या वेळी काही महिन्यांनी बाहेर आला. मग जॉर्जियात जरा वारं फिरलं, १९८५ मध्ये दोदो अबाशिद्झेबरोबर 'द लीजंड ऑफ सुराम फोर्ट्रेस', १९८८ मध्ये 'आशिक केरीब', तो तार्कोव्स्कीच्या आठवणीला अर्पण केलेला. १९८८ मध्येच रॉटरडॅमच्या फेस्टिवलला गेला, पश्चिमेकडे पहिल्यांदा, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. १९८९ मध्ये स्वतःच्या बालपणावरचा 'द कन्फेशन' सुरू केला, जुन्या घरातच शूटिंग, पण फुप्फुसाच्या कॅन्सरने पुढे जाऊ दिलं नाही. जे चित्रित झालं ते मिखाईल वार्तानोव्ह या त्याच्या मित्राच्या डॉक्युमेंटरीत बघायला मिळतं.

वरती टोप्या आहेत. बायकांच्या, जुन्या फॅशनच्या, फुलं, जाळी, पिसं लावलेल्या, अशा नाटकी की बस. नातो वाचनाद्झे या जॉर्जियन मूकपटांच्या स्टारला, तिने न केलेल्या भूमिकांसाठी या टोप्या अर्पण केल्यात. न केलेल्या भूमिका! पंधरा वर्षं न केलेले सिनेमे पोटात घेऊन बसलेल्या माणसालाच हे सुचणार.

आणि इथे जरा विषयांतर करते कारण वाचनाद्झेवरून धागा सरळ आर्मेनियन सिनेमाच्या मूळपुरुषाकडे जातो आणि त्याचं नाव आपल्याकडे कोणीच घेत नाही. हामो बेक-नाझारोव्ह, जन्म १८९१, येरेवान. अंगापिंडाने दणकट, खेळाडू गडी, क्रांतीच्या आधी रशियन मूकपटांत नट म्हणून लोकप्रिय. मग दिग्दर्शनात उतरला, आधी त्बिलिसीला, तिथे १९२६ च्या 'नातेला' मध्ये हीच वाचनाद्झे. पण त्याच्या आधी १९२५ ला त्याने 'नामुस' केला, आर्मेनियाचा पहिला कथापट, इज्जतीच्या नावाखाली एका प्रेमात पडलेल्या पोरीची कशी वाट लागते त्यावर. नामुस म्हणजे इज्जत, आपल्याला काही समजावून सांगायला नको. मग 'झारे' कुर्द लोकांवर, आणि १९३५ मध्ये 'पेपो', पहिला आर्मेनियन बोलपट, त्बिलिसीतल्या गरीब कोळ्याची गोष्ट, संगीत आराम खाचातुर्यानचं, मुख्य भूमिकेत ह्राच्या नेर्सिस्यान. येरेवानच्या फिल्म स्टुडिओला पुढे याच बेक-नाझारोव्हचं नाव दिलं. पडद्यावर नट म्हणून नाव कमावून मग अख्ख्या देशाचा सिनेमा उभा करणारा माणूस, त्याच्यावर कोणीतरी मराठीत नीट लिहायला हवं. 'पेपो' जरूर शोधून बघा, म्हातारे आर्मेनियन लोक त्यातलं गाणं अजून म्हणतात.

असो. अर्धा मार्क कापला तो गर्दीसाठी. माणसांची नाही, वस्तूंची. फ्रेमला फ्रेम चिकटून लावलीये, एकातून डोळा निघेपर्यंत दुसरी घुसते, तासाभरात डोकं भणभणतं. आता काही जण म्हणतील की त्याचं स्वतःचं घरही असंच खच्चून भरलेलं असायचं, तेव्हा हेच बरोबर आहे, आणि त्यात तथ्य आहे, त्यामुळे ही तक्रार म्हणून घेऊ नका, माझ्या डोळ्यांची मर्यादा समजा. एक युक्ती सांगते, खालचा मजला बघितला की बाहेर सज्ज्यात जाऊन दहा मिनिटं दरीकडे बघत उभं राहा, मग वर जा.

गाईड घ्या. इंग्रजी बोलणारा मिळतो. मला एरवी गाईड नावाच्या प्रकाराचा वैताग आहे, पण इथे प्रत्येक वस्तूमागे किस्सा आहे आणि किस्सा माहीत नसेल तर ते नुसतं सुंदर भंगार राहतं. झाकणावरचं नाणं काचेत चमचमताना दिसतं, ते नखाने केलंय हे कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार.

पोचायचं कसं तर रिपब्लिक स्क्वेअरपासून चालत जाता येतं, उन्हाळ्यात मात्र दुपारी नको, येरेवानचं ऊन नागपूरकरांनाच झेपेल. टॅक्सी अ‍ॅपवरूनच करा, यांडेक्स किंवा जीजी, दोन्ही स्वस्त पडतात. रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नका, एकाने आम्हाला अर्धं शहर फिरवून आणलं आणि वर हिंदी सिनेमातलं गाणं म्हणून दाखवलं, गाणं म्हटल्यावर भांडणार तरी कसं. संध्याकाळी लवकर बंद होतं, तेव्हा शेवटच्या तासाला पोचू नका. आणि एखाद्या टूर कंपनीच्या सिटी टूरमध्ये हे असेल तर आधी विचारा किती वेळ देणार, वीस मिनिटं म्हणाले तर ते फक्त तुम्हाला तिकीट दाखवणार आहेत. लहान मुलं न्यावीत का, तर नक्की न्यावीत, तुरुंगाच्या गोष्टी गाळून सांगा, बाकी टोप्या, बाहुल्या, कोलाज हे त्यांना आपल्याआधी कळतं.

भूक लागली तर जवळच प्रोश्यान स्ट्रीट आहे, बार्बेक्यू स्ट्रीटच म्हणतात तिला, खोरोवात्सचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा, धूर लांबूनच येतो. खाणाऱ्यांची चंगळ. शाकाहारी लोकांनी झेंग्यालोव हाट्स कुठे मिळतंय ते विचारा, आत बऱ्याच प्रकारचा हिरवा पाला बारीक चिरून भरलेली, तव्यावर भाजलेली पातळ पोळी. आर्त्साखकडचा (म्हणजे नागोर्नो-काराबाखचा) पदार्थ आहे, आणि गरमच खायचा, पार्सल करून हॉटेलवर नेऊन खाल्लात तर त्यात काही राम नाही. बाकी लावाश (पातळ रोटी), चीज, टोमॅटो-काकडी एवढ्यावर आपली सासूबाईसुद्धा आठवडा काढेल.

एक दिवस जास्तीचा असेल तर ट्रेनने ग्युम्रीला जा. तिथे फ्रुंझिक म्कर्तच्यानचं म्युझियम आहे, तो त्याच गावचा, जन्म १९३०, तेव्हा गावाचं नाव लेनिनाकान. मोठ्ठं नाक आणि उदास डोळे असलेला कॉमेडी नट, 'मिमिनो' मुळे अख्खं सोव्हिएत युनियन त्याच्यावर फिदा होतं. पाराजानोव्हचं नाव घेतल्यावर आर्मेनियन माणूस आदराने मान हलवतो, फ्रुंझिकचं घेतल्यावर त्याचा चेहराच उजळतो आणि मग तो तुम्हाला डायलॉग म्हणून दाखवतो, कळो न कळो.

घरी आल्यावर सिनेमे कुठल्या क्रमाने बघायचे हे काहींनी विचारलं म्हणून सांगते. आधी 'शॅडोज', कारण त्यात गोष्ट आहे, धरायला काहीतरी मिळतं. मग 'डाळिंबांचा रंग', पण २०१४ मध्ये बोलोन्याच्या सिनेमाथेकने आणि स्कॉर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने नीट केलेली कॉपीच बघा, यूट्यूबवरच्या त्या पिवळट पडलेल्या कॉप्यांमध्ये लाल रंग विटेसारखा दिसतो आणि या सिनेमात लाल गेला की उरतं काय. जमलं तर मधे त्याची 'हाकोब होव्नातान्यान' ही छोटी फिल्म घाला, एका जुन्या पोर्ट्रेट काढणाऱ्या चित्रकारावर आहे, दहा मिनिटांचं काम. नव्या पोरांना तयार करायचं असेल तर आधी लेडी गागाच्या '९११' गाण्याचा व्हिडिओ दाखवा, तो आपल्या जालंधरच्या तरसेम सिंग या दिग्दर्शकाने केलाय आणि त्यात पाराजानोव्हला उघड उघड सलाम ठोकलाय, मग मूळ सिनेमा लावा, बसतात. 'सुराम' थोडा जड जातो, मी दोन बैठकीत संपवला. 'आशिक केरीब' मात्र घरच्या सगळ्यांना घेऊन बघा, गाणाऱ्या गरीब पोराची परीकथा आहे, रंगीबेरंगी, दीड तासाच्या आत संपते.